पापणीनं बोललेलं खोटं

जीबीएस नावाच्या, हातपाय लुळे पाडणाऱ्या आजारातून मी उठलो, त्यानंतर आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका भगिनीनं मला फोनवर कुणाशी तरी बोलायला सांगितलं. तिच्या ओळखीतल्या एका तरुण मुलीला हाच आजार झाला होता आणि मुलीच्या आईला यातून उठलेल्या माणसाचा आवाज ऐकायचा होता. मी त्या बाईंना एवढंच सांगितलं, की पाय परत येतात, हात परत येतात, धीर धरा. ते खरं आहे. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी हा आजार आला असेल तर त्यांनी आधी तेवढं लक्षात ठेवावं.

बाकीचं मी त्या बाईंना सांगितलं नाही. ते इथे लिहितो. लिहिताना लाज वाटते. माझी बायको मंगल म्हणते, लाज वाटतेय तोवरच लिहून टाका, नंतर तुम्ही ते गोड करून सांगाल.

बसची पायरी

मी कासारवाडीत राहतो आणि निघोज्याच्या पुढे एका कंपनीत बावीस वर्षं क्वालिटीत आहे. गाड्यांचे सुटे भाग बनतात, ते बाहेर जाण्याआधी तपासायचे आणि कागदावर सही करायची, हे माझं काम. रविवारी मी आमच्या मंडळीचा पंच. पाळकसाहेब गावाला गेले तर उपासना मी चालवायचो. दारू नाही, तंबाखू नाही, तोंडात शिवी नाही. लोक मला मान देत आणि मला ते आवडायचं.

आधी आठवडाभर पोट बिघडलं होतं. ते बरं झालं आणि तळव्यांना मुंग्या यायला लागल्या. बूट घट्ट झाले असतील असं वाटलं. सोमवारी सकाळी नाशिक फाट्यावर कंपनीची बस आली, मी दांडी धरली आणि उजवा पाय पायरीवर ठेवायला गेलो, तर तो उचललाच जाईना. मागचा म्हणाला, "चला की राव." मी जोर केला तशी हातातली दांडी सुटली आणि मी सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसलो. दोघांनी उचलून रिक्षात घातलं.

हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरबाईंनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. मग एका श्वासात जमतील तेवढे आकडे म्हणायला सांगितले. मी एकोणीसपर्यंत गेलो. संध्याकाळी अकरापर्यंत. त्यांनी मंगलला पडद्याबाहेर नेऊन सांगितलेलं मला सगळं ऐकू येत होतं: नसांचा आजार आहे, आधी वर चढेल, मग उतरेल, श्वासापर्यंत जाऊ शकतो. मंगल आत आली, पायाशी बसली आणि माझा पाय दाबायला लागली. ती दाबतेय हे मला नुसतं दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी श्वासासाठी नळी घातली. पुढे गळ्याला भोक पाडून ती तिथून जोडली. हात, पाय, मान, जीभ, सगळं थांबलं. शुद्ध मात्र पूर्ण होती. कान चालू, डोळे चालू, आणि पापण्या. लोक विचारतात, सगळ्यात वाईट काय होतं? नाकावर माशी बसली की ती उठेपर्यंत वाट बघावी लागायची. हे ऐकून लोकांना हसू येतं. मलाही आता येतं.

ओळखीचा आवाज

आयसीयूत सकाळी सहाला मावशी येतात. अंग पुसतात, खालचं सगळं स्वच्छ करतात, चादर बदलतात, कूस वळवतात. आठवडा झाला असेल, एक नवीन मावशी आली. तोंडाला मास्क होता. तिनं माझ्या पायाशी लावलेलं नाव वाचलं आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "साहेब, कूस बदलते आता."

आवाज ऐकला आणि मी ओळखलं. ती लता होती.

लता दापोडीची. सहा वर्षांपूर्वी आमच्या लाइनवर ठेकेदाराकडून पॅकिंगला होती. घरचं करून, लोकल पकडून, मग शेअर रिक्षानं चाकणकडे यायची आणि तरी वेळेवर हजर असायची. आमच्याकडे एक ब्रॅकेट बनायचा, डावा आणि उजवा. दिसायला सारखेच, एका भोकाचा फरक. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी चर्चमध्ये प्रभूभोजनाचा विधी होता आणि शास्त्रवाचन माझ्याकडे होतं. मला लवकर निघायचं होतं. शेवटच्या खोक्यांवर मी न उघडताच सही केली. लता म्हणाली होती, "साहेब, एकदा बघून घ्या ना, दोन्ही लॉट शेजारी लागलेत." मी घड्याळ बघितलं आणि निघालो.

डावे-उजवे मिसळून गेले. ज्यांना माल गेला त्यांची लाइन दुसऱ्याच दिवशी थांबली. चौकशी झाली तेव्हा मी सांगितलं, की मी तपासला तेव्हा माल बरोबर होता, मिसळला तो पॅकिंगला. शनिवारी सकाळच्या मीटिंगला सगळे उभे असताना मॅनेजरनं लताला पुढे बोलावलं. ती एकदाच बोलली, "साळवेसाहेबांनी खोके उघडलेच नव्हते." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मी देवाला भिऊन वागणारा माणूस आहे. मी खोटं बोलेन असं वाटतं का कुणाला?"

कुणी काही बोललं नाही. तिचा गेटपास तिथेच काढून घेतला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी ईस्टरच्या उपासनेत पहिल्या रांगेत होतो.

आता तीच माझा लंगोट बदलत होती. मी डोळे मिटून घेतले. मला तेवढंच करता येत होतं.

लवकर मिळालेली शांती

त्या दिवसांत मी खूप प्रार्थना केली. देवाला म्हणालो, प्रभू, त्या बाईच्या बाबतीत माझं चुकलं, मला क्षमा कर. आणि खरं सांगतो, पाच मिनिटांत मन हलकं झालं. मला वाटलं, झालं, ख्रिस्तानं माझं पाप घेतलं. आता कळतं, की देवाजवळ कबूल करणं मला सोपं जात होतं, कारण देव कंपनीत कुणाला जाऊन सांगणार नव्हता.

पण दुसऱ्या सकाळी लता आली आणि ती शांती कुठच्या कुठे गेली. ती वाईट वागली असती तर सोपं गेलं असतं. ती चांगलं वागायची. पाणी कोमट आहे का ते आधी स्वतःच्या मनगटावर बघायची. कूस वळवताना "आता वळवते" असं सांगायची, जे बाकी कुणी सांगत नसे. माझी मुलगी प्रीती भेटायला आली, की तिला सांगायची, पप्पांच्या टाचेखाली उशी ठेवा, तिथे लाल होतंय. माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलायची. मला ते सहन होईना.

प्रीतीनं पुठ्ठ्यावर मोठी अक्षरं लिहून आणली होती. ती एकेका अक्षरावर बोट ठेवायची, बरोबर अक्षर आलं की मी पापणी मिटायची. एक वाक्य व्हायला पंधरा मिनिटं लागायची. हा उपाय चांगला आहे, ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांनी जरूर करावा. मी त्याचा काय उपयोग केला ते सांगतो. 'लता, माझं चुकलं' एवढं लिहायला दहा मिनिटं पुरली असती. मी लिहिलं, "मावशी बदला."

प्रीती घाबरली. तिनं विचारलं, "का पप्पा? ती दुखवते का तुम्हाला?"

मी पापणी मिटली. म्हणजे, हो.

माझ्या अंगात तेव्हा दुसरं काहीच हलत नव्हतं. जे एक हलत होतं त्यानं मी खोटं बोललो, आणि त्याच बाईवर.

दुसऱ्यांदा

प्रीती इन्चार्ज सिस्टरांकडे गेली. बाहेर आवाज चढलेले ऐकू आले, त्यात लताचा आवाज नव्हता. तिला दुसऱ्या वॉर्डला पाठवलं. तिच्या जागी ज्या आल्या, त्यांना बारा पेशंट बघायचे होते, त्यांना दोष देत नाही. पण दहा दिवसांत माझ्या माकडहाडाशी जखम झाली. डॉक्टरबाई चिडल्या, ड्रेसिंग सुरू झालं. मंगल दुपारभर एकटी बसून मला वळवायचा प्रयत्न करायची. तिची पाठ धरली. ती कधी नव्हे ते माझ्यासमोर रडली आणि म्हणाली, आधीची मावशी किती चांगली होती, काय झालं होतं तुम्हाला?

शेवटी आयसीयूत माणसं कमी पडली म्हणून लता परत आली. तिनं पडदा ओढला, पाणी ठेवलं, जखम बघितली आणि तोंडानं नुसतं चक् केलं. मग मास्क खाली करून माझ्याकडे बघत म्हणाली, "साहेब, याही वेळी माझंच नाव घेतलंत."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कानात जात होतं. मग ज्या कापडानं बाकीचा चेहरा पुसला त्यानंच तिनं ते पाणी पुसलं आणि म्हणाली, "उद्यापण मीच येणार आहे. माझी ड्यूटी आहे."

त्यात दया होती का राग, मला आजही सांगता येत नाही. पण आजारपणात माझ्याशी कुणी बोललेलं सगळ्यात खरं वाक्य तेच होतं.

आवाज आल्यावर

हा आजार ज्या वाटेनं चढतो त्याच वाटेनं उतरतो, पण फार सावकाश. आधी मान हलली. मग एक दिवस डाव्या हाताचं बोट. फिजिओ करणारा पोरगेलासा डॉक्टर म्हणायचा, काका, आज एका बोटाचं काम झालं, बास. दोन महिन्यांनी गळ्याच्या नळीला झाकण लावलं आणि मला बोलता आलं. पहिला शब्द मंगलचं नाव. दुसरा, चहा.

लताला सांगायला मी त्यानंतर नऊ दिवस लावले. रोज सकाळी ठरवायचो, आज. ती यायची आणि मी म्हणायचो, पाणी जरा गरम हवं होतं. किंवा, पंखा कमी कराल का. आवाज नव्हता तोवर मला एक सबब होती. आता तीही नव्हती.

आधी मंगलला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, डबा बंद केला आणि म्हणाली, "मला सांगून तुम्हाला बरं वाटलं असेल. पण अन्याय माझ्यावर नाही झाला." त्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर घरी गेली.

प्रीतीला तिनंच सांगितलं. प्रीती दोन दिवस आली नाही. आली तेव्हा उभ्यानंच बोलली, "पप्पा, तक्रार मी केली. मी त्या बाईंना सगळ्यांसमोर बोलले. तुम्ही माझ्या तोंडून ते करून घेतलंत." लहानपणापासून तिला खरं बोलायला शिकवलं ते मीच.

दहाव्या दिवशी सकाळी लतानं चादर घातली आणि ती निघाली, तेव्हा मी थांबवलं. सगळं सांगितलं. खोके उघडले नव्हते, मला चर्चला जायचं होतं, मीटिंगमध्ये खोटं बोललो, इथेही खोटं बोललो. शेवटी म्हणालो, लताताई, मला माफ करा.

ती बादलीची कडी धरून उभी होती. म्हणाली, "नोकरी गेली त्याचं मी काहीतरी केलं. पण सासूबाई अजून म्हणतात, तुझ्याकडूनच चूक झाली असेल, एवढा देवमाणूस खोटं कशाला बोलेल? तिथे सगळ्यांसमोर माझं नाव घेतलंत. इथे पडद्यामागे माफी मागताय. ही माफी घेऊन मी काय करू, ते मला कळत नाही साहेब."

आणि ती शेजारच्या पेशंटकडे गेली.

उपकारस्तुती

घरी आलो तेव्हा मी वॉकर घेऊन चार पावलं चालत होतो. मी बरा झालो म्हणून मंडळीनं उपकारस्तुतीची उपासना ठेवली. देवानं काय केलं याची साक्ष द्यायला मला सांगितलं. मी खुर्चीत बसून बोललो. प्रभूनं मला मरणातून उठवलं, एका परक्या भगिनीनं माझी सेवा केली, आणि मी माझ्या जुन्या चुकांबद्दल पश्चात्ताप केला, असं म्हणालो. 'जुन्या चुका' एवढंच. बायका डोळे पुसत होत्या. लोकांनी येऊन हात हातात घेतले. मला ते पुन्हा आवडलं, हे लिहिताना हात जड होतोय.

दुसऱ्या रांगेत प्रीती मान खाली घालून बसली होती.

दोन दिवसांनी पाळकसाहेब घरी आले. मंगलनं बोलावलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हणालो, देवानं क्षमा केलीय ना मला? पाळकसाहेब म्हणाले, "केली असेल. पण त्या क्षमेच्या आड लपून बसू नका. ती तुम्हाला लताबाईंच्या नावाचा कलंक पुसायला पाठवतेय, आणि तुम्ही ती पांघरूण म्हणून घेतलीय."

मी पंचाचं पद सोडलं. का सोडलं हे पुढच्या रविवारी उभं राहून सांगितलं, या वेळी खोक्यांसकट. उपासना संपल्यावर हात हातात घ्यायला फारसं कुणी आलं नाही. एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांनी मला काठी दिली आणि पायऱ्या उतरायला हात दिला.

सकाळची मीटिंग

कंपनीत रुजू झालो तेव्हा मॅनेजर नवीन होता. मीटिंगमध्ये मला दोन मिनिटं द्या म्हणालो. कशासाठी ते ऐकल्यावर तो म्हणाला, साळवे, जुनं झालं ते, कशाला उकरताय. मी हट्ट धरला. आयुष्यात इतका चांगला हट्ट मी पहिल्यांदाच धरला असेन.

उभ्या असलेल्यांपैकी लताला ओळखणारे चौघे-पाचच होते. पोरं माझ्याकडे बघत होती, मग बुटांकडे. मी तिचं पूर्ण नाव घेतलं आणि सांगितलं, की चूक तिची नव्हती, माझी होती, आणि मी देवाचं नाव घेऊन खोटं बोललो होतो. नंतर मशीनवरचा जुना ऑपरेटर भरत जवळ आला. तो माझ्या कानाशी म्हणाला, "आम्हाला तेव्हाच माहीत होतं साहेब. तुमच्याविरुद्ध कोण बोलणार?"

सहा वर्षं मला वाटत होतं, की माझ्या शब्दावर सगळ्यांचा विश्वास आहे. ते नुसते गप्प होते. त्या दिवशी मी जेवलो नाही.

तपासणीचं काम माझ्याकडून काढून मला स्टोअरला टाकलं. ते योग्यच झालं. लताच्या निर्दोषपणाचं पत्र मिळवायला दोन महिने ऑफिसात खेटे घातले. चार ओळींचं पत्र मिळालं, शिक्क्यासह. ते घेऊन हॉस्पिटलात गेलो. तिनं जिन्याजवळ उभ्यानं वाचलं, परत वाचलं, घडी केली. "सासूबाईंना दाखवते," म्हणाली. मग माझ्या पायांकडे बघून विचारलं, जिना चढून आलात का? मी हो म्हणालो. ती म्हणाली, "उतरताना कठडा धरा."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही परत विचारलं नाही. विचारायचं नाही, हे शिकायला मला वर्ष लागलं. अजूनही कधी कधी वाटतं, एकदा म्हणाली असती तर बरं झालं असतं. मग कळतं, की हेही मी माझ्यासाठीच मागतोय.

दुपारचे दोन तास

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. सासूबाई पडल्या होत्या, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, त्याच हॉस्पिटलात खालच्या वॉर्डला होत्या. नवरा कामावर, हिची ड्यूटी वरच्या मजल्यावर. तिनं सरळ विचारलं, "दुपारी दोन तास त्यांच्याजवळ कुणी नाही. तुम्ही बसाल का?"

मी सुट्टी टाकून गेलो. लतानं मला खाट दाखवली, डबा हातात दिला, भात मऊ करून भरवा म्हणाली आणि वर गेली. म्हातारी बारीक, डोळे तल्लख. दोन घास तिनं मुकाट्यानं घेतले. मग माझा चेहरा न्याहाळत विचारलं, "तू कोण रं?"

"कंपनीतला," मी म्हणालो.

तिनं मान उशीवर जरा वर केली. "म्हंजी त्यो? आमच्या लतीवर आळ घेतल्याला? त्यो तूच व्हय?"

शेजारच्या खाटांवरच्या लोकांनी वळून बघितलं. माझ्या बोटांत अजून पुरती ताकद नाही, चमचा थरथरत होता.

"हो," मी म्हणालो. "मीच तो."

म्हातारीनं तोंड उघडलं.

"मग नीट भरव," ती म्हणाली. "सांडतंय."